कानाखालची गाठ, शस्त्रक्रिया आणि चेहऱ्याची नस

नाशिकरोडकर:

नमस्कार. माझ्या आईचे वय ५६ आहे. तिच्या डाव्या कानाच्या पाळीखाली साधारण अडीच सेंटिमीटरची, टणक पण न दुखणारी गाठ आहे आणि ती गेली तीन वर्षे हळूहळू वाढते आहे. सुरुवातीला घरात सर्वांनी ती गालगुंडाची राहिलेली सूज समजून लेप लावले. आता सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाली असून अहवालात ‘प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा’, म्हणजे लाळग्रंथीतील कर्करोग नसलेली गाठ, असे लिहिले आहे. कॉलेज रोडवरील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितले की चेहऱ्याची नस शोधून, ती जपत, ग्रंथीच्या वरच्या भागासह गाठ काढावी लागेल आणि त्याला दोन-तीन तास लागतील. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र लहानसा छेद घेऊन फक्त गाठ काढून देतो, असे सुचवले. त्यातच मावशीने तोंड वाकडे होण्याची भीती घातल्यामुळे आई आता शस्त्रक्रियाच नको म्हणते. कर्करोग नसलेल्या गाठीसाठी एवढा खटाटोप का, आणि लाळेच्या ग्रंथीत चेहऱ्याची नस कशी काय येते, हे मला तिला नीट समजावून सांगायचे आहे.

शरीररचना शिक्षक:

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. चेहऱ्याच्या हालचाली करणारी नस, म्हणजे फेशियल नर्व्ह, कानामागच्या हाडाच्या उंचवट्याजवळ असलेल्या एका छिद्रातून कवटीबाहेर पडते आणि लगेच पुढे वळून पॅरोटिड या सर्वांत मोठ्या लाळग्रंथीत शिरते. ग्रंथीच्या आतच तिचे दोन मुख्य फाटे होतात आणि त्यांतून पाच शाखा निघतात: कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, खालच्या ओठाकडे आणि मानेकडे. नसेच्या बाहेरच्या बाजूचा तो वरचा भाग आणि आतल्या बाजूचा तो खोल भाग, अशी ग्रंथीची विभागणी शल्यचिकित्सक करतात. प्रत्यक्षात तेथे कोणताही पडदा नसतो, नस हीच सीमारेषा असते. गंमत अशी की ज्या ग्रंथीतून ही नस जाते, त्या ग्रंथीला लाळ सोडण्याचा संदेश ती देतच नाही. ते काम नवव्या क्रमांकाच्या नसेकडे असते. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींना मात्र फेशियल नर्व्हच्याच एका बारीक शाखेतून संदेश मिळतो.

आता गाठीविषयी. पॅरोटिडमधील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि त्यांत प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमाचे प्रमाण सर्वाधिक आहे. परंतु या गाठीचे आवरण सलग नसते. काही ठिकाणी ते अतिशय पातळ असते आणि गाठीचे लहान अंकुर त्यातून बाहेर डोकावत असतात. आवरण फाडून आतली गाठ तेवढी उपसून काढली, तर हे अंकुर मागे राहतात आणि काही वर्षांनी, कधी कधी दहा-पंधरा वर्षांनीही, एकाच जागी अनेक छोट्या गाठी उगवतात. त्या वेळी जुन्या व्रणात गुरफटलेली नस शोधणे फार कठीण होते आणि ती दुखावण्याचा धोका पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा बराच वाढतो. म्हणून ‘फक्त गाठ काढून देतो’ हा प्रस्ताव मला चिंताजनक वाटतो. लहान, सुटी, वरवरची गाठ तिच्याभोवती निरोगी ऊतींचा पातळ थर ठेवून काढण्याची पद्धतही आहे, पण ती अनुभवी हातांचेच काम आहे आणि त्यातही नसेचे भान सुटत नाही. गाठ तशीच ठेवणेही योग्य नाही, कारण काही गाठींचे वर्षानुवर्षांनंतर कर्करोगात रूपांतर होते.

गंगापूर रोडवरची:

दादा, माझी हीच शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून आईंसाठी लिहिते. शुद्धीवर आल्यावर माझ्या खालच्या ओठाची एक बाजू हसताना खाली जात नव्हती आणि ते पाहून घरचे घाबरले. नस तुटलेली नाही, हाताळल्यामुळे तात्पुरती मंदावली आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले आणि काही महिन्यांत ओठ पूर्ववत झाला. कानाची पाळी मात्र अजून थोडी बधिर आहे. कानातले घालताना ते जाणवते. आधी कोणी सांगितले असते तर मी एवढी धास्तावले नसते, म्हणून आईंना या दोन्ही गोष्टी आताच सांगून ठेवा.

पंचवटीकर:

विषय जवळचा आहे म्हणून विचारतो. माझ्या जबड्याखाली मिसळ किंवा काही आंबट खाताना सूज येऊन दुखते आणि तासाभरात ओसरते. हीसुद्धा अशीच गाठ असेल का?

शरीररचना शिक्षक:

पंचवटीकर, खाताना फुगणारी आणि नंतर ओसरणारी सूज बहुतेक वेळा लाळेच्या नलिकेतील खड्याची असते. लाळग्रंथींचे बहुसंख्य खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात, कारण तिची लाळ अधिक दाट असते आणि लांब नलिकेतून तिला वर चढत जावे लागते. सोनोग्राफी करून घ्या. ताप आला किंवा जिभेखालून पू येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नाशिकरोडकर, ताईंनी लिहिलेला ओठाचा अनुभव नेहमीचा आहे. गालाच्या शाखा एकमेकींना अनेक ठिकाणी जोडलेल्या असतात, त्यामुळे एक दुखावली तरी दुसरी तिचे काम काही प्रमाणात सांभाळते. ओठाच्या शाखेला असे जोड कमी असतात. कानाच्या पाळीची संवेदना नेणारी नस वेगळी आहे आणि वाट करताना ती बरेचदा कापावी लागते. काहींना पुढे जेवताना त्या गालावर घाम येतो, कारण लाळेचा संदेश नेणारे नसेचे तंतू पुन्हा वाढताना त्वचेतील घर्मग्रंथींना जाऊन मिळतात. यावर उपचार आहेत. तोंड कोरडे पडण्याची भीती बाळगू नका, बाकीच्या ग्रंथी पुरेशी लाळ देतात.

आपल्या तज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा: गाठ नसेच्या खाली गेली आहे का आणि त्यासाठी एमआरआय लागेल का, तसेच नस कशाच्या आधारे शोधणार आणि नसेचा मॉनिटर, म्हणजे शस्त्रक्रियेत नसेवर लक्ष ठेवणारे यंत्र, वापरणार का. कानाच्या कूर्चेचे टोक आणि मानेतील डायगॅस्ट्रिक स्नायू या खुणांवरून ते उत्तर देऊ लागले, तर आपण योग्य माणसाकडे आहात. शस्त्रक्रियेआधी आईंचे हसतानाचे, डोळे घट्ट मिटल्याचे आणि भुवया उंचावल्याचे फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतरची तुलना अचूक होईल. आणि शस्त्रक्रियेपूर्वीच, आपोआप, चेहऱ्याची ती बाजू ढिली पडू लागली किंवा गाठ अचानक वाढून दुखू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.