'रिन्यू' म्हणजे मुदतवाढ का?

प्रश्नकर्ता: लिनक्स सर्व्हरवर टीएलएस (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं संभाषण सुरक्षित करणारी पद्धत) बसवण्याच्या सूचना मराठीत लिहितोय. तीन शब्दांपाशी अडलोय. 'एन्क्रिप्टेड'ला सांकेतिक म्हणू की कूटबद्ध? 'सर्टिफिकेट'ला प्रमाणपत्र लिहिलंय, 'रिन्यू'ला मुदतवाढ. चालेल ना?

प्रतिसाद १: कूटबद्ध. 'सांकेतिक' एन्कोडिंगसाठी, म्हणजे मजकुराचं नुसतं रूप बदलण्यासाठी, राखून ठेवा. किल्ल्या नि प्रमाणपत्रं ज्यात असतात ती पेम फाइल उघडली की अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो आणि नवखा माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ते नुसतं बेस६४ नावाचं एन्कोडिंग असतं. मोडीसारखं समजा: न शिकलेल्याला गूढ वाटते, पण येणारा सरळ वाचतो, लपवलेलं काहीच नसतं. कूटबद्ध मजकूर मात्र किल्लीशिवाय उलगडत नाही. सर्व्हरवरची खासगी किल्ली बहुतेक वेळा अशी उघडीच पडलेली असते, म्हणून तर त्या फाइलची परवानगी ६०० ठेवायची, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते.

प्रतिसाद २: प्रमाणपत्र रुळलंय, तरी मी 'दाखला' म्हणेन. दाखला दुसऱ्या कोणीतरी द्यायचा असतो, आणि इथेही तेच: हे डोमेन आणि ही सार्वजनिक किल्ली (खासगी किल्लीची उघड जोडीदार) एकमेकांची आहेत, याची ग्वाही तिसरी संस्था देते. 'सेल्फ-साइन्ड'ला मग 'स्वसाक्षांकित' आयता मिळतो, अर्जांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानेही संभाषण कूटबद्ध होतंच. फक्त ओळखीची हमी आपली आपणच दिलेली असते.

प्रतिसाद ३: मुदतवाढीला माझी सक्त हरकत. मीही एकदा हाच शब्द लिहून तोंडघशी पडलो. वाचणाऱ्याने सर्टबॉट (दाखले आणून देणारा प्रोग्राम) चालवला, 'मुदत वाढली' म्हणून स्वस्थ बसला आणि काही आठवड्यांनी ब्राउझर धोक्याची सूचना दाखवू लागले. डिस्कवर नवी फाइल होती, पण एनजिनएक्स या वेब सर्व्हरने सुरू होताना वाचलेला जुनाच दाखला तो देत राहिला.

जुन्या दाखल्यावरची तारीख कधीच सरकत नाही. तारखेसकट त्यावर सही झालेली असते, एक अक्षर बदललं तरी ती सही जुळणार नाही. 'रिन्यू' केल्यावर येतो तो वेगळ्या अनुक्रमांकाचा वेगळा दाखला. सर्टबॉट तर वेगळं काही सांगितलं नसेल तेव्हा किल्लीही नवी बनवतो. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत दाखले देणाऱ्या संस्थेने २०१५ साली दाखले द्यायला सुरुवात केली तीच ९० दिवसांच्या मुदतीने, त्यामुळे हा प्रसंग वर्षातून अनेकदा येतो.

प्रतिसाद १: मग 'नूतनीकरण'? त्यात 'नवं करणं' आहेच की.

प्रतिसाद ३: व्युत्पत्तीत आहे, कानात नाही. परवान्याचं नूतनीकरण म्हटलं की तोच कागद, वर नवा शिक्का, असंच डोळ्यांपुढे येतं. 'नवा दाखला घेणे' लिहा. लांब आहे, पण काय करायचं ते कळतं.

प्रतिसाद २: जाता जाता, 'हँडशेक'चं हस्तांदोलन करू नका. जोडणीच्या सुरुवातीला टीएलएसची कोणती आवृत्ती वापरायची, कोणता सायफर (कूटबद्ध करायची रीत), हे तिथे ठरतं. 'बोलणी' जवळचा शब्द. आणि टीएलएसची पूर्वज असलेली एसएसएल ३.० वापरू नये असं २०१५ मध्येच ठरलं, तरी एनजिनएक्सच्या सेटिंग फाइलमध्ये दाखला कुठे आहे ते सांगणाऱ्या सूचनेचं नाव आजही 'एसएसएल सर्टिफिकेट'च आहे. तिथे भाषांतराची हौस नको, सर्व्हर सुरूच होणार नाही!

प्रश्नकर्ता: बदल केले. आता ओळ अशी: 'नवा दाखला घेतल्यावर एनजिनएक्स रीलोड करा.' 'रीलोड' तसंच ठेवलंय, त्यावर नवा धागा काढू नका.