नवी गाडी कर्जावर घेताना सुरुवातीला किती रक्कम भरावी?

मूळ मत

नवी गाडी कर्जावर घ्यायची ठरली की विक्रेता आधी विचारतो, महिन्याला किती हप्ता झेपेल? बहुतेक जण त्या आकड्यावरून मागे येत डाउन पेमेंट ठरवतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, कारण मुदत लांबवून कोणताही हप्ता झेपण्याजोगा करून दाखवता येतो. पाहायला हवे ते एवढेच, की कर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर गाडी विकावी लागली, तर तिच्या किमतीतून उरलेले कर्ज फिटेल का.

गाडीची किंमत १०० धरू आणि घटत्या शिल्लकीवरचा (म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच लागणारा) व्याजदर वार्षिक ९ टक्के मानू. नवी गाडी पहिल्याच वर्षात साधारणपणे वीस टक्क्यांच्या आसपास मूल्य गमावते. मॉडेलनुसार हा आकडा कमीजास्त होतो, पण घसरण सर्वांत तीव्र असते ती याच काळात. काहीही न भरता सात वर्षांचे कर्ज घेतले, तर वर्षभर नियमित हप्ते भरूनही सुमारे ८९ देणे उरते आणि गाडी विकली जाते ८० ला. दहा टक्के भरले, तरी देणे जेमतेम गाडीच्या किमतीइतके होते. वीस टक्के भरून पाच वर्षांची मुदत घेतली, तर देणे ६७ च्या आत येते. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली, तर साधा विमा घसारा वजा करून विमापत्रात ठरवलेले गाडीचे मूल्य देतो, उरलेले कर्ज नव्हे. म्हणून वीस टक्के ही किमान मर्यादा मानावी आणि जमल्यास तीस-चाळीस टक्के भरावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १

वीस टक्क्यांपर्यंत आपले म्हणणे मान्य आहे. चाळीस टक्क्यांचा आग्रह मात्र पटत नाही. दहा टक्के भरणारा आणि चाळीस टक्के भरणारा यांच्या कर्जात ३० चा फरक आहे. पाच वर्षांत त्या ३० वर ९ टक्क्यांनी एकूण व्याज जाते सुमारे ७.४. तेच ३० हाताशी ठेवून ६ टक्क्यांच्या ठेवीत गुंतवले, तर पाच वर्षांत व्याज मिळते सुमारे १०.५. म्हणजे कर्जाचा दर ठेवीपेक्षा जास्त असूनही पैसे स्वतःकडे ठेवणाराच पुढे राहतो. मग घसरत्या मूल्याच्या वस्तूत एवढी रक्कम आधीच का अडकवावी?

प्रतिसाद २

हा हिशोब अनेकदा वाचनात येतो आणि तो दर वेळी एकाच ठिकाणी चुकतो. ठेवीतले ३० पाचही वर्षे अखंड राहतात असे आपण धरले आहे. पण मग त्या जादा कर्जाचा हप्ता भरला कोठून? तो दरमहा सुमारे ०.६२ आहे आणि तो पगारातून जातो. चाळीस टक्के भरणाऱ्याचा तेवढाच पगार दरमहा मोकळा राहतो. त्याने ते ०.६२ दर महिन्याला त्याच ६ टक्क्यांनी साठवले, तर पाच वर्षांनी त्याच्याकडे सुमारे ४३.४ जमतात, आणि आपल्या ठेवीचे होतात ४०.५. कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असताना जास्त भरणारा मागे पडूच शकत नाही. ठेवीच्या व्याजावर कर लागत असेल, तर हे अंतर आणखी वाढते. कर्जावरचे व्याज घटत्या शिल्लकीवर मोजले जाते आणि ठेवीचे वाढत्या रकमेवर, म्हणून दोन्हींची बेरीज शेजारी ठेवली की फसगत होते.

अर्थात, वाचलेला हप्ता खरोखर साठवणाऱ्यालाच हा लाभ मिळतो. तो खर्चून टाकणाऱ्याच्या हाती पाच वर्षांनी काहीच उरत नाही, हे प्रतिसाद १ च्या बाजूने मान्य करायला हवे.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ मधले गणित बिनचूक आहे, तरीही मी कमी भरण्याच्या बाजूचा आहे. माझे कारण वेगळे आहे. एकदा भरलेले डाउन पेमेंट परत मागता येत नाही. हाताशी ठेवलेली रक्कम मात्र सहा महिन्यांनी किंवा वर्षाने कर्जखात्यात भरून मुद्दल कमी करता येते. ३० एवढी रक्कम वर्षभर हाताशी ठेवण्याचा खर्च, ९ आणि ६ टक्क्यांमधल्या फरकाने, एकाहूनही कमी येतो. त्या वर्षात नोकरी गेली किंवा घरात मोठे आजारपण आले, तर हीच रक्कम उपयोगी पडते. ती नसेल तर विनातारण वैयक्तिक कर्ज घ्यावे लागते आणि त्याचा दर वाहनकर्जापेक्षा बहुधा बराच जास्त असतो. ज्यांच्याकडे सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी गंगाजळी वेगळी नाही, त्यांना चाळीस टक्के भरण्याचा सल्ला देणे मला धोक्याचे वाटते. गाडीच्या मूल्यापेक्षा कर्ज जास्त असणे गाडी विकताना किंवा ती निकामी झाल्यावरच भोवते; हातात रोकड नसणे कोणत्याही महिन्यात भोवू शकते.

प्रतिसाद ४ (मूळ मत मांडणाऱ्याकडून)

प्रतिसाद ३ मधला मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि त्यामुळे माझे मत काहीसे बदलले आहे. गंगाजळी आधी, डाउन पेमेंट नंतर, हा क्रम मला मान्य आहे, आणि चाळीस टक्क्यांचा आग्रह मी सोडतो. वीस टक्क्यांचा मात्र सोडत नाही. गंगाजळी ठेवून वीस टक्केही उरत नसतील, तर मुदत सात वर्षांवर नेण्यापेक्षा स्वस्त गाडी पाहावी. नंतर मुद्दल फेडण्याची योजना असेल, तर मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क आहे का आणि अर्धवट परतफेड केव्हापासून चालते, हे सही करण्यापूर्वी करारात वाचावे; शुल्क मोठे असेल तर प्रतिसाद ३ मधला मार्ग महाग पडतो.

दरही तपासून घ्यावा. पाच टक्के ‘फ्लॅट’ दर ऐकायला स्वस्त वाटतो, पण त्यात पाचही वर्षे मूळ रकमेवरच व्याज लागते आणि घटत्या शिल्लकीच्या हिशोबाने तो नऊ टक्क्यांच्या थोडा वर जातो.

प्रतिसाद ५

शून्य टक्के व्याजाच्या योजनेत तरी कमीत कमी भरावे, असे कोणी म्हणेल, म्हणून लिहितो. अशी योजना घेतली की रोख सवलत बहुधा सोडावी लागते. समजा सवलत ५ आहे, आपण २० भरणार आहोत आणि मुदत तीन वर्षांची आहे. सवलत घेतल्यास कर्ज ७५ चे लागते, ‘बिनव्याजी’ योजनेत ८० फेडावे लागतात. म्हणजे प्रत्यक्ष दर सुमारे सव्वाचार टक्के पडतो. तो ठेवीच्या दरापेक्षा कमी आहे, म्हणून या उदाहरणात योजना घेऊन कमी भरणे योग्यच ठरेल. सवलत १० असती, तर हाच दर नऊ टक्क्यांच्या जवळ गेला असता आणि सवलत घेऊन जास्त भरणे शहाणपणाचे ठरले असते. विक्रेत्याकडून दोन्ही किमती लेखी घेतल्याशिवाय हा निर्णय करू नये.