सांगलीच्या गावभागात नाट्यमहोत्सव केला तर धंदा वाढेल का?

कृष्णाकाठ: २०१९ च्या पुरात मारुती चौक, हरभट रोड पाण्यात गेला तेव्हापासून आमची गिऱ्हाईकं विश्रामबागकडं वळली ती वळलीच. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक सांगलीतच केलं, मग ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला गल्लीतच चार दिवस नाटकं ठेवली तर?

भडंगप्रेमी: झ्याक, पण स्टॉल बाहेरच्यांना दिले की आपण नुसतं पार्किंग सांभाळायचं. आधी गल्लीतल्यांना जागा द्या.

मिरजकर: आमच्याकडं मिरजेत गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात गाणं होतं, लोक लांबून येतात, ऐकतात अन् जातात. सतारीचा भोपळा कसा तासतात ते दुकानात दाखवलं तर माणूस थांबतो, पाकीट काढतो.

कृष्णाकाठ: मग नाटक नऊलाच सुरू करू, आधी भेळ तरी खातील 😄