मारुती ८०० (१९९७, कार्बवाली, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची) पेट्रोल पितेय, प्लग काळे पडतात, काय बघू?

सातारी८००
नमस्कार मंडळी, वडिलांची ९७ ची ८०० आहे. हायवेला १६-१७ द्यायची ती आता १० वर आलीय, सायलेन्सरमध्ये बोट घातलं की काजळी, मागे बसणाऱ्याला पेट्रोलचा वास, आणि चहाला थांबून परत स्टार्टर मारला की नुसती घरघर, अॅक्सिलरेटर फुल दाबून धरला तरच उचलते नि मग मागे काळा धूर. सकाळी थंड असताना मात्र एकदम शहाण्यासारखी वागते. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ५ टक्क्यांच्या वर आला, तिथल्या पोराने कार्बचा कुठलासा स्क्रू फिरवून ३ च्या आत आणला नि सर्टिफिकेट दिलं, पण अॅव्हरेज आहे तिथेच. मेकॅनिक म्हणतो कार्ब गेला, नवा टाका. ओरिजिनल मिळेना, डुप्लिकेट बसवायचं जिवावर आलंय.

गॅरेजकट्टा
कार्ब बदलू नका एवढ्यात. तो स्क्रू फक्त आयडलिंगचा (गाडी जागेवर चालू असतानाचा) असतो आणि पीयूसीत सीओ बघतात तोही आयडलिंगलाच, म्हणून आकडा बसला (बीएस-२ या प्रदूषण नियमांच्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना ३ टक्के चालतो). रस्त्यावर गाडी मेन जेटवर (कार्बमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) पळते, तिथे त्या स्क्रूला कोण विचारतंय.

आधी तिन्ही प्लग काढा. तिन्ही सारखे कोरडे काळे, बोटाने पुसली जाणारी काजळी, तर मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एकच काळा निघाला तर कार्बच्या नावाने खडे फोडू नका, एकच कार्ब तिघांना पाजतो, मग त्या सिलिंडरची प्लग वायर आणि स्पार्क बघा. तेलकट चिकट काळा असेल तर ऑइल जळतंय, धूरही निळसर असेल. ट्रॅफिकमधून आल्या आल्या प्लग बघून काही कळत नाही हां, जरा मोकळ्या रस्त्याला पळवा, लगेच बंद करा, मग काढा.

मग एअर फिल्टर उघडा, चोकचा (थंड इंजिनला हवा कमी करणारा) नॉब पूर्ण आत ढकला आणि कार्बच्या तोंडातली पाकळी सरळ उभी राहते का बघा. केबल गंजली की नॉब आत जातो पण पाकळी अर्धी आडवीच राहते, आणि माणूस चोक ओढलेली गाडी महिनोन्महिने चालवतो. फिल्टर काळाकुट्ट असेल तर तोही बदला, शे-दोनशेचा प्रश्न.

पाकळी ठीक असेल तर फ्लोट, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा. कार्बच्या बाजूला छोटी काच असते, इंजिन आयडलिंगला असताना पेट्रोल मधल्या ठिपक्याच्या आसपास दिसायला हवं. वर दिसलं तर निडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय (काढून कानाशी हलवा, आत खळखळ वाजेल). गरम इंजिन बंद करून टॉर्च मारून आत बघा, नोझलमधून थेंब टपकत असेल तर गरम असताना स्टार्ट का होत नाही तेही कळलं. बिडी-सिगारेट लांब ठेवा.

पुणेरी_स्टेपनी
हे सगळं ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळे चाललंय. आमच्या सोसायटीत जुन्या गाडीवाले सगळे बोंबलतायत.

वाईचा_वळसा
@पुणेरी_स्टेपनी अहो इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला १ किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ च. म्हणजे तेच जेट ठेवून ई२० घातलं तर मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होईल, रिच कसं होणार? फार तर जुने रबर फुगतात, टाकीतला गाळ सुटून निडलखाली अडकतो, तेवढा दोष द्या.

सातारकर, तुम्ही दोन गोष्टी बघाच. एक म्हणजे डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी). ऑइल लेव्हल वाढलेली दिसली नि पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय, बेअरिंगची वाट लागते. फ्युएल पंपचा डायफ्राम (आतला पडदा) फाटला तरी पेट्रोल ऑइलमध्येच उतरतं, म्हणून तोही तपासा. दुसरं, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) आहे का? आपल्याकडे गाडी एकदा तापली की मेकॅनिक तो काढून फेकून देतात, "आता गरम होणार नाही साहेब". खरंच होत नाही, मग पेट्रोलची नीट वाफ होत नाही, प्लग काळे पडतात आणि आपण जेट बदलत बसतो. टेम्परेचरचा काटा तळाला झोपलेला असेल तर समजा.

बाकी ही गाडी घेऊन महाबळेश्वरला गेलात तर अजून रिच वाटेल, वर हवा विरळ, कार्बला ते कळत नाही. तपासणी खाली करा.

सातारी८००
रविवारी बसलो. प्लग तिन्ही सारखेच, कोरडी काजळी. चोकची पाकळी उभी आहे. पण काचेत पेट्रोल ठिपक्याच्या बरंच वर, निडलच्या टोकाला गोल खाचच पडलीय आणि ती जिथे बसते त्या सीटमध्ये तांबडा कचरा. ऑइलला वास येतोय. आणि वाईकर, थर्मोस्टॅटचं घर रिकामं निघालं!! वडील म्हणतात कधी काढला माहीत नाही. निडल-सीटचं किट मिळालं, ते बसवून हायवेला काढू का आधी?

गॅरेजकट्टा
आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मग हायवे. निडलबरोबर सीटही नवीनच घाला, आणि टाकी ते पंप या लाईनमधला पेट्रोल फिल्टर बदला नाहीतर तोच तांबडा कचरा परत येईल. जेट तारेने टोचून साफ करू देऊ नका कोणाला, भोक मोठं होतं, क्लीनर आणि हवा पुरे. हे सगळं झालं, थर्मोस्टॅट बसला की मगच तो आयडलिंगचा स्क्रू लावा, इंजिन पूर्ण गरम करून. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेला की इंजिन बंद पडायला पाहिजे. चालूच राहिलं तर पेट्रोल अजून दुसरीकडून येतंय, तेव्हा परत लिहा.

वाईचा_वळसा
थर्मोस्टॅटचं गॅस्केट सोबत घ्या, जुनं हमखास फाटतं.