मदत हवी आहे : डोमिनिका सिबुलकोवाच्या जुन्या मॅचेस

मंडळी, टेनिसवाल्यांनी जरा मदत करा. पुतणी क्लबात खेळते, उंची बेताची. त्यावरून मैदानावर टोमणे ऐकते, म्हणून तिला सिबुलकोवाचा खेळ नीट दाखवायचाय.

ब्रातिस्लाव्हाची ही मुलगी जेमतेम 161 सें.मी. तरीही 2014 ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला गेली, वाटेत शारापोवाला हरवून. ग्रँड स्लॅम एकेरीची फायनल गाठणारी पहिली स्लोव्हाक बाई. फायनलला ली नाने दुसऱ्या सेटमध्ये 6-0 धुतलं, ते सोडा. 2016 तर भन्नाटच. विम्बल्डनच्या क्वार्टर फायनलला हरली आणि त्याच आठवड्यात घरी जाऊन ठरल्या मुहूर्तावर लग्न केलं! मग सिंगापूरला वर्षअखेरच्या स्पर्धेत गटातल्या पहिल्या दोन्ही मॅच हरूनही शेवटी नंबर एकच्या कर्बरला 6-3, 6-4 असं हरवून विजेती. मॅच पॉइंटला चेंडू नेटला घासून पलीकडे टपकला आणि ही कोर्टवर आडवी. 2017 ला रँकिंग 4 पर्यंत गेलं, 2019 ला निवृत्ती.

हायलाइट्स भरपूर सापडतात, पण त्यात फक्त जोरकस फोरहँड दिसतात. मला पूर्ण मॅच हवीय. दुसरी सर्व्ह ती कशी वाचवायची, रिटर्नला कुठे उभी राहायची, हे पोरीला दिसलं पाहिजे. सिंगापूरची फायनल कुठे अख्खी बघायला मिळेल? आणि बुटक्या खेळाडूंना शिकवणारे कुणी कोच इथे असतील तर सांगा, आधी कुठली मॅच दाखवू?