सोळाव्या वर्षाचं पुस्तक शेहेचाळिसाव्या वर्षी: अलीकडे काय वाचलंत?

मुलीच्या पलंगावर एक पुस्तक पालथं पडलं होतं. जागेवर ठेवायला म्हणून उचललं आणि तिथेच बसून अर्धं वाचून काढलं. पॅट्रिक नेसचं 'अ मॉन्स्टर कॉल्स', २०११ चं. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. ती २००७ मध्ये कर्करोगाने गेली आणि तिच्या टिपणांवरून नेसने हे पुस्तक लिहिलं.

१३ वर्षांचा कॉनर, आजारी आई, आणि रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी खिडकीशी येणारं एक अजस्र झाड. ते म्हणतं, मी तुला तीन गोष्टी सांगेन, चौथी तू मला सांगायची. आणि ती खरी हवी. मला वाटलं, झाड पोराला धीर द्यायला आलंय. कसलं काय! तिन्ही गोष्टींमध्ये आपण ज्याला चांगला समजतो तो धड चांगला निघत नाही, आणि वाईट माणसालाही त्याची बाजू असते. कॉनर चिडतो. मीही चिडले.

माझी आई दीड वर्ष अंथरुणावर होती. त्या काळात एक विचार माझ्या मनात दोन-तीनदा येऊन गेला. तो मी नवऱ्यालाही सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही. तोच विचार शेवटी त्या मुलाच्या तोंडून बाहेर पडतो. किशोरांच्या कप्प्यातलं पुस्तक! माझं वय ४६. मुलीने ते माझ्यासाठीच तिथे ठेवलं असावं असा मला संशय आहे.

तर हा धागा त्यासाठी. अलीकडे वाचलेलं एखादं पुस्तक, किशोरांचं किंवा मोठ्यांचं, कुठलंही. तुमचं वय काय, ते कुठे भिडलं, कुठे कंटाळा आला ते लिहा. कौतुकच करायला हवं असं नाही. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा म्हणजे झालं.

———

वय ३१. 'हंगर गेम्स' (मुलांना रिंगणात सोडून एकमेकांना मारायला लावतात आणि तो खेळ टीव्हीवर दाखवतात, ती गोष्ट) २००८ मध्ये आलं त्याच वर्षी वाचलं होतं. तेव्हा मी १४ ची आणि त्यातली नायिका कॅटनिस १६ ची, म्हणजे ती मला ताईच. आता २०२५ मध्ये आलेलं 'सनराइज ऑन द रीपिंग' वाचलं. कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच, त्याच्या तरुणपणीची गोष्ट, ५० वे खेळ, यंदा नेहमीच्या दुप्पट म्हणजे ४८ मुलं. हेमिच जिंकतो हे आपल्याला पहिल्या मालिकेपासून माहीत आहे. त्यामुळे कोण जिवंत राहणार याची उत्सुकता उरतच नाही, आणि गंमत म्हणजे त्याने काही बिघडत नाही.

१४ व्या वर्षी मी फक्त मारामारी आणि प्रेमाचा त्रिकोण वाचला होता. या वेळी लक्ष राहिलं ते कॅमेऱ्याकडे. रिंगणात जे घडतं ते एक आणि लोकांना दाखवतात ते कापूनकुपून केलेलं दुसरंच. पोराने केलेलं बंड पडद्यावर दिसतच नाही. हे मला कुठल्याही मारामारीपेक्षा भीतिदायक वाटलं.

तक्रार एकच, पण मोठी. हजेरीपट उघडल्यासारखी जुनी पात्रं येत राहतात. मॅग्ज आली, वायरेस आली, बीटी आला, एफी आली, कॅटनिसचे वडीलसुद्धा! अरे, जरा दम खाऊ दे. शिवाय एडगर अ‍ॅलन पो या कवीच्या 'द रेव्हन' कवितेच्या ओळी इतक्या वेळा येतात की पुढेपुढे मी त्या गाळायला लागले.

———

मी शाळेच्या ग्रंथालयात आहे. 'पुस्तक नको' म्हणणाऱ्या मुलांना मी सध्या जेसन रेनॉल्ड्सचं 'लाँग वे डाउन' देतो. २०१७ चं. मुक्तछंदात आहे आणि पानावर शब्द कमी, पांढरी जागा जास्त. मुलं आधी पानं फडफडवून बघतात, 'एवढंच?' म्हणतात आणि घेऊन जातात.

१५ वर्षांच्या विलच्या भावाला गोळी घालून मारलंय. मोहल्ल्याचे नियम तीन: रडायचं नाही, चुगली करायची नाही, बदला घ्यायचा. कमरेला पिस्तूल खोचून तो लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते आणि दर वेळी एक माणूस आत येतो, जो केव्हाच मेलेला आहे. अख्खं पुस्तक जेमतेम एका मिनिटात घडतं.

एका मुलाने परत देताना विचारलं, "सर, याची शेवटची पानं फाटलीत का?" नव्हती फाटली. शेवट दोन शब्दांच्या प्रश्नावर आहे. तो मुलगा बराच वेळ माझ्या टेबलाशी उभा होता. काय बोलावं ते त्याला सुचेना, मलाही सुचेना.

जाता जाता माझी एक समजूत सांगतो, खोडायची तर खोडा. त्या वयाच्या आत बसून लिहिलेलं ते किशोरांचं पुस्तक, आणि मोठं झाल्यावर मागे वळून लिहिलेलं ते मोठ्यांचं. नायकाच्या वयाशी त्याचा संबंध नाही.

———

खोडतेच. मिलिंद बोकिलांची 'शाळा' बघा. २००४ ची कादंबरी. नववीतला मुकुंद जोशी बोलतो, नववीतल्या मुलाच्याच डोक्याने बोलतो, आणि 'आता मला कळतं की' छापाचं शहाणपण कुठेही शिकवत नाही. म्हणजे तुमच्या व्याख्येने किशोरांचं पुस्तक. पण ते आपण सगळ्यांनी मोठ्यांची कादंबरी म्हणूनच वाचलं ना?

मी गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या वेळी विशीत होते, आणि मला शिरोडकर सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. ती आज वर्गात बोलली का, बघितलं का, हसली का. या खेपेला जोशीचे आईवडील दिसले. नरूमामा दिसला. आणि आणीबाणी दिसली. ती पहिल्यापासून तिथे होतीच, पण पोरांना तिचा पूर्ण अर्थ लागत नाही आणि लेखक मध्ये पडून समजावत नाही. ते न समजावणं मला फार आवडलं. वाचणाऱ्याला जेवढं माहीत, तेवढं त्याला दिसतं.

प्रकाश नारायण संतांचा लंपनही याच रांगेतला. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चारही पुस्तकं मुलाच्या तोंडून आहेत, पण भाच्याला दिली तर त्याने चौथ्या पानावर मिटली. त्याचं वय १२. माझ्या बहिणीने तीच रडत रडत वाचली. तिचं ४०.

———

वरची चर्चा छान, पण माझी एक कबुली. हान्या यानागिहाराचं 'अ लिटल लाइफ' पाचशेच्या आसपास पानांवर सोडलं. २०१५ ला बुकरच्या लघुयादीत होतं, सगळे म्हणतात वाच, वाच. लिहिलंय सुंदर, मित्रांमधली माया तर अगदी खरी. पण नायक जूडवर संकट कोसळणार, जरा बरं चालेल, पुन्हा त्याहून मोठं कोसळणार. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा मला लेखिकेचा हात दिसायला लागला. एकदा हात दिसला की संपलं.

मोठ्यांचं पुस्तक म्हणजे जास्त दुःख, असं काही आहे का? अ मॉन्स्टर कॉल्स दोनेकशे पानांचं, आणि धागाकर्तीला त्याने जागेवर बसवलं.

———

^ पूर्ण असहमत. मी शेवटपर्यंत वाचलं, दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. मात्र पुन्हा वाचणार नाही.

———

मी १७ वर्षांची आहे. 'किशोरांचं पुस्तक' यावर बोलणारे सगळे चाळिशीचे, म्हणून लिहितेय.

आमच्या नावावर जो कप्पा आहे त्यात आमच्यासाठी काय उरलंय ते एकदा बघा. माझ्या मैत्रिणी ज्या ड्रॅगन-परी-राजपुत्राच्या जाडजूड कादंबऱ्या वाचतात त्यातली नायिका १९ ची आणि नायक ५०० वर्षांचा. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये किशोरांच्या कप्प्यात आलं, पुढे मुखपृष्ठ बदलून मोठ्यांच्या कप्प्यात गेलं. पुस्तकच वयात आलं म्हणायचं! वाईट नाहीये, मीही दोन भाग वाचलेत. पण ते आमचं नाही.

सध्या वाचलेलं आणि डोक्यातून न जाणारं पुस्तक म्हणजे क्लेअर कीगनचं 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज'. शंभर-सव्वाशे पानं. १९८५ चं आयर्लंड, नाताळ जवळ आलाय. बिल फरलाँग कोळसा विकतो, त्याला पाच मुली आहेत. कोळसा पोचवायला तो ननांच्या मठात जातो तर तिथल्या कोळशाच्या खोलीत एक मुलगी कोंडलेली. गावात सगळ्यांना थोडंथोडं माहीत आहे आणि कुणी बोलत नाही, कारण ननांशी वाकडं घेतलं तर स्वतःच्या मुलींच्या शाळेचं काय?

इथून पुढे शेवट. तो जे करायचं ते करतो, आणि पुस्तक तिथेच थांबतं. घरी पोचल्यावर काय होतं हे लेखिका सांगत नाही. आमच्या कप्प्यातलं पुस्तक असतं तर त्यावर अजून दोनशे पानं असती, कोर्ट असतं, भाषण असतं. आम्हाला सगळं चावून भरवायची गरज नाही, एवढंच.

———

१७ वर्षांच्या ताईला दंडवत.

माझं जरा लांबेल. मार्क हॅडनचं 'द क्युरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' २००३ मध्ये आलं तेच मुळी दोन आवृत्त्यांत, मुलांसाठी वेगळी आणि मोठ्यांसाठी वेगळी. १५ वर्षांचा क्रिस्टोफर सांगतोय, प्रकरणांना आकडे फक्त मूळ संख्यांचे: २, ३, ५, ७, ११. त्याला माणसांच्या चेहऱ्यावरचे भाव वाचता येत नाहीत, खोटं बोलता येत नाही. शेजारणीचा कुत्रा कुणी मारला याचा तो शोध घेतो. (पुढे रहस्य फुटेल.)

कॉलेजात वाचलं तेव्हा मी शंभर टक्के क्रिस्टोफरच्या बाजूने होतो. बापाने त्याला आई मेली म्हणून सांगितलंय आणि ती जिवंत आहे, तिची पत्रं कपाटात लपवलेली! असल्या बापाला माफी नाही, हे माझं तेव्हाचं ठाम मत.

आता माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. तो क्रिस्टोफरसारखा आहे असं म्हणणार नाही, प्रत्येक मूल वेगळं असतं आणि ती कादंबरी आहे. पण गर्दीत, आवाजात त्याचं काय होतं ते मी रोज बघतो. यंदा पुन्हा वाचलं. बाप खोटं बोलला ते अजूनही चूकच. पण तो दिवसभर काम करून येतो, जेवण करतो, प्रत्येक शब्द तोलून बोलतो, आणि स्पर्श चालत नाही म्हणून मिठीऐवजी बोटं पंख्यासारखी पसरून मुलाच्या बोटांना टेकवतो. त्या जागी मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. क्रिस्टोफर ते सगळं कोरडेपणाने नोंदवतो, त्याला त्यातलं काही जाणवत नाही. त्याच शब्दांत बापाची अख्खी गोष्ट लिहिलेली आहे आणि ती मला २० व्या वर्षी दिसली नव्हती.

एक सावधगिरी. हे पुस्तक वाचून 'ऑटिझम कळला' असं कुणी म्हणू नये. हॅडनने तसा दावा केलेला नाही. एका मुलाची गोष्ट आहे, तशीच घ्यावी.

———

कप्प्यांचं म्हणाल तर 'द बुक थीफ' ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये मोठ्यांसाठी आलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत किशोरांसाठी. निवेदक साक्षात मृत्यू, आणि कोण मरणार ते तो आधीच सांगून टाकतो. रूडीचं माहीत असूनही ते पान आलं तेव्हा व्हायचं ते झालंच.

ग्रंथालयवाल्या सरांना: अमेरिकेतली ग्रंथालय संघटना दरवर्षी मोठ्यांसाठीच्या १० पुस्तकांना अ‍ॅलेक्स पुरस्कार देते, १२ ते १८ वयाच्या वाचकांना भावतील अशा. इशिगुरोच्या 'नेव्हर लेट मी गो'ला तो मिळालाय. आणि त्यातली कॅथी ३१ वर्षांची होऊन मागे वळून शाळेकडे बघते. म्हणजे तुमची व्याख्या त्या बाजूनेही गळते :)

———

गळू दे, नवी शोधतो. – ग्रंथालयवाला

———

मी गेम बनवणाऱ्या कंपनीत कोड लिहिते. गॅब्रिएल झेविनचं 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (२०२२) कामाच्या लोकांनी एकमेकांना दिलं. सॅम आणि सेडी मिळून गेम बनवतात, ३० वर्षं भांडतात. श्रेय कुणाचं यावरून होणारी भांडणं इतकी खरी आहेत की मी एक पान फोटो काढून सहकाऱ्याला पाठवलं. त्याने उत्तर दिलं नाही.

त्या दोघांचा मित्र मार्क्स, त्याचं 'एनपीसी' (गेममधलं, खेळाडूच्या हातात नसलेलं पात्र) नावाचं प्रकरण, 'तू' म्हणत सांगितलेलं, हे पुस्तकातलं सर्वोत्तम. त्यानंतर एका गेमच्या आतच घडणारा मोठा भाग येतो, तो मला लांबलेला वाटला. खेळ खेळायला मजा येते, दुसऱ्याने खेळलेला वाचायला नाही.

———

सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी'. पहिली ५० पानं काही म्हणजे काही कळत नाही. पुतळे, दालनं, भरती-ओहोटी. सोडू नका. बस, इतकंच सांगते, जास्त सांगितलं तर मजा जाईल.

———

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, यादी लांबत चाललीय. मला १७ वर्षांच्या मुलीने कीगन वाचायला लावलं, आज सुरू केलं.

आणि संशयाचं. मुलीला विचारलं, "ते झाडाचं पुस्तक तू माझ्यासाठी ठेवलं होतंस का गं?" ती म्हणाली, "कुठलं? ते होय! मैत्रिणीचं आहे. तीस पानं वाचली, बोअर झालं. तुझं झालं असेल तर दे, तिला परत करायचंय."