अनुभव धागा: नर्सिंग शिकता शिकता पहिला रेझ्युमे कसा लिहिलात?

जीएनएमचं (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) तिसरं वर्ष किंवा बीएस्सी नर्सिंगचं शेवटचं सेमिस्टर लागलं की होस्टेलवर एकच प्रश्न फिरतो, "तुझा बायोडेटा झाला का?" मग कुठल्या तरी सीनियर ताईचा नमुना व्हॉट्सॲपवर येतो. नाव आणि जन्मतारीख तेवढी बदलायची की झालं. एकाच हॉस्पिटलच्या वॉक-इनला अख्खी बॅच तोच कागद घेऊन जाते आणि समोरच्या मॅडम पहिले दोन पाहून उरलेले बाजूला ठेवतात.

नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात नाही, अनुभव शून्य, मग कागदावर लिहायचं काय? तुम्ही काय लिहिलंत, त्यातलं कुणी काय वाचलं, कशावर प्रश्न आले, ते इथे लिहा. निवड करणाऱ्या बाजूनेही लिहा. तक्रार असेल तर हॉस्पिटल-कॉलेजचं नाव न घेता लिहावी ही विनंती.

पांढरेबूट (पुणे, बीएस्सी)

मी सुरुवात प्रोसीजर बुकापासून, म्हणजे शिकताना केलेल्या कामांच्या नोंदवहीपासून केली. सगळी पोस्टिंग, म्हणजे कुठे कुठे शिकाऊ म्हणून काम केलं ते, एका कागदावर उतरवली: ससूनचे मेडिकल आणि सर्जिकल वॉर्ड, लेबर रूम, येरवड्याचं मनोरुग्णालय, ग्रामीण भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. प्रत्येकापुढे वॉर्ड, साधारण खाटा आणि किती आठवडे. हे सगळ्यांकडे असतंच, पण रेझ्युमेत मात्र "क्लिनिकल पोस्टिंग कम्प्लीटेड" या एका ओळीत गुंडाळलं जातं.

मग कौशल्यांचे तीन भाग केले. देखरेखीखाली स्वतः केलेलं, मदत केलेलं, आणि फक्त पाहिलेलं. पहिल्यात कॅन्युला (सलाइनची सुई), कॅथेटर (लघवीची नळी), राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), ड्रेसिंग, इनटेक-आउटपुट चार्ट. दुसऱ्यात इंट्युबेशनची (श्वासनळीत नळी घालण्याची) ट्रॉली लावणं, सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत घालायची नळी) मदत. तिसऱ्यात डायलिसिस. मैत्रिणी म्हणाल्या, "पाहिलेलं कशाला लिहितेस, कमीपणा दिसतो." मी तसंच ठेवलं.

इंटरव्ह्यूत अर्धा वेळ त्या पहिल्या भागावरच गेला. "राइल्स ट्यूब टाकलीस ना? मग पोटातच गेली हे कसं ठरवलंस?" मी सांगितलं की ॲस्पिरेट (पोटातला द्रव) काढून पाहिलं, आणि वॉर्डच्या सिस्टरांनी एक्स-रे बघितल्याशिवाय फीड सुरू करू दिलं नाही. "नुसती हवा मारून स्टेथोने ऐकलं तर?" म्हटलं, एवढ्यावर विसंबू नका असंच आम्हाला शिकवलंय. डायलिसिसबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. पाहिलेलं म्हणून लिहिलं होतं, त्यात विचारण्यासारखं काय होतं! तेच मी "डायलिसिस केअर" असं मोघम लिहून स्किल्समध्ये टाकलं असतं, तर मशीन प्राइम करण्यापासून सगळं सांगावं लागलं असतं.

जुनी मॅट्रन (नाशिक, आता निवृत्त)

वरच्या मुलीने लिहिलंय त्यात माझी भर. मी पाहायचे ती पहिली गोष्ट म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. हॉस्पिटलला एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं मंडळ) मानांकन असलं की प्रत्येक नर्सची फाइल लागते. त्यात शिक्षण, रजिस्ट्रेशन, प्रशिक्षण सगळं पडताळून ठेवावं लागतं, नाहीतर तपासणीला आलेले लोक नेमकी तीच फाइल मागतात. त्यामुळे नंबर तिसऱ्या पानावर शोधायला लावू नका, नावाच्या खाली लिहा. नंबर आला नसेल तर "शेवटची परीक्षा अमुक महिन्यात, निकाल बाकी" किंवा "रजिस्ट्रेशनसाठी अर्ज केला, तारीख अमुक" असं स्पष्ट लिहा. नुसतं "आरएन आरएम" (रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ) लिहून मोकळ्या होणाऱ्या मुली मी पाहिल्यात. कौन्सिलमध्ये नाव लागण्याआधी ती अक्षरं तुमची नाहीत.

"टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट" ही ओळ मी आयुष्यात इतक्या वेळा वाचलीय की माझ्या डोळ्यांना ती दिसायचीच बंद झाली. त्या जागी कोणत्या विभागात काम हवंय ते लिहा, आणि रात्रपाळीला तयार आहात का तेही.

धर्म, जात, उंची, वर्ण, वडिलांचा व्यवसाय, कुलदैवत... हो, कुलदैवतसुद्धा आलंय! वर गणपतीचं चित्र, खाली मामाचं गाव. आई-वडिलांनी हौसेने करून दिलेला असतो हे कळतं, पण तो कागद दुसऱ्या कामाचा. मला भाषा हव्या असायच्या. आमच्याकडे धुळे-नंदुरबारकडचे पेशंट भरपूर. अहिराणी बोलणारी मुलगी वॉर्डात असली की नातेवाईकांचा निम्मा गोंधळ कमी. ही गोष्ट रेझ्युमेत लिहिणारी क्वचितच कुणी भेटली.

आणि आकडे. "२० नॉर्मल डिलिव्हरी कंडक्टेड" लिहिता ना, वहीत ठरलेल्या केस भरल्याशिवाय कॉलेज परीक्षेला बसू देत नाही. म्हणजे तुमच्या बॅचच्या सगळ्यांच्या रेझ्युमेत तोच आकडा. त्याने मला तुमच्याबद्दल काय कळणार?

वैदर्भीय ब्रदर (नागपूर, जीएनएम)

मॅडम, आकड्यांबद्दल थोडा वेगळा अनुभव. कॉर्पोरेट हॉस्पिटलात पहिली चाळणी नर्सिंगवाले करत नाहीत, एचआर करतं. तिथे आकडा, कोर्स, सर्टिफिकेट असं काहीतरी ठळक दिसावं लागतं. मी खाटांचे आकडे लिहिले, केसचे नाही. दोन्ही बाजूंना चाललं.

दुसरं, मुलांसाठी. बारावीनंतर मी मेडिकल स्टोअरमध्ये काम केलं होतं. घरचे म्हणाले दुकानातली नोकरी लिहू नको, हलकं दिसतं. मी लिहिली. जेनेरिक आणि ब्रँड नावं, फ्रिजमध्ये ठेवायची औषधं, एक्स्पायरी बघायची सवय, सगळं तिथलं. इंटरव्ह्यूत सिस्टरांनी त्यावरच गप्पा काढल्या. ज्यांनी केटरिंगला वाढलंय, भावाच्या दुकानात बसलेत, त्यांनीही लिहावं असं माझं मत. माणसांशी बोलायला येतं हे त्यातून दिसतं.

ट्यूटर (कोल्हापूर)

मी शिकवते, त्यामुळे दरवर्षी मुलींचे रेझ्युमे तपासून देते. दोन गोष्टी आवर्जून सांगते.

पहिली, बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण). अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं. तारीख न लिहिता नुसतं "बीएलएस ट्रेन्ड" लिहिलं तर संपलेलं आहे की काय अशी शंका येते. शेवटच्या वर्षात केलंत तर नोकरी लागेपर्यंत ते चालू राहतं, दुसऱ्या वर्षात उत्साहाने केलेलं ऐन वेळी संपतं. आणि दुपारच्या जेवणासह एका दिवसात मिळणारी ती रंगीत सर्टिफिकिटं सगळी जोडायची गरज नाही. दोन-तीन निवडा, ज्यावर बोलता येईल अशी.

दुसरी, केस स्टडी. एका मुलीने चांगली केस स्टडी केली म्हणून रेझ्युमेला अख्खी जोडली, पेशंटचं नाव, गाव, आयपीडी नंबरसकट. चांगल्या हेतूनेच. मी ती काढायला लावली. पेशंटची गोपनीयता काय असते हे आपण पहिल्या वर्षात शिकवतो आणि नोकरीच्या अर्जातच ती मोडतो. "बर्न्सच्या रुग्णाची दोन आठवड्यांची केअर, केस प्रेझेंटेशन" एवढं पुरतं.

हो, आणि रेफरन्स म्हणून आमचं नाव लिहिताना आधी विचारा. फोन आला की मला निदान आठवलं पाहिजे, कोण ही.

मधलीसुट्टी (लातूर)

ट्यूटर मॅडम, एकदम मान्य. आमच्याकडे कॉलेजनेच सगळ्यांना एक छापील फॉर्म भरायला दिला होता. त्यात "छंद" साठी चार ओळी आणि पोस्टिंगसाठी एक.

कागदपत्र (सोलापूर, बीएस्सी झालेली)

रेझ्युमेसोबत काय द्यायचं ते लिहिते. पहिल्या नोकरीच्या वेळी त्यांनी ओरिजिनल मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन ठेवून घेतलं, वर बाँडवर सही. "सगळ्यांचं घेतो" म्हणाले. नंतर दुसरीकडे चांगली संधी आली तर कागद हातात नाहीत. सोडवून आणेपर्यंत ती जागा गेली. त्यानंतर मी ठरवलं, रेझ्युमेसोबत साक्षांकित झेरॉक्स, ओरिजिनल फक्त दाखवायला, समोर बसून, आणि परत घेऊन उठायचं. बाँडची मुदत, सोडल्यास किती रक्कम, हे सही करण्याआधी घरी आणून वाचा. पहिल्या नोकरीच्या आनंदात आपण सही करून टाकतो.

पन्नासखाटा (बीड, जीएनएम, सध्या सरकारी नोकरी)

सरकारी भरतीत रेझ्युमे कुणी मागत नाही, ऑनलाइन फॉर्म आणि परीक्षा. तरी पहिल्या नोकरीचा रेझ्युमे पाठवताना सरकारीचा विचार करून पाठवा, कारण सांगतो.

एम्सची नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा २०२० पासून आहे. बीएस्सीवाल्यांना रजिस्ट्रेशनवर बसता येतं. जीएनएमवाल्यांना मात्र डिप्लोमानंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलमधला. गावाजवळच्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये सगळं शिकायला मिळतं, अगदी ओटीपासून बिलापर्यंत, पण तिथली दोन वर्षं या अटीत बसत नाहीत. माझ्या बॅचमधल्या कित्येकांना हे फॉर्म भरताना कळलं. म्हणून अर्ज कुठे पाठवताय तिथल्या खाटा आधी बघा, आणि सोडताना अनुभव प्रमाणपत्रावर खाटांची संख्या, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिहून घ्या. पुढच्या रेझ्युमेत तेच शब्द, त्याच तारखा. अटी बदलू शकतात, दरवेळी जाहिरात मुळातून वाचायची.

रत्नांग्रीची (सध्या इंग्लंडमध्ये)

तारखांवरून आठवलं. परदेशी जायचं मनात असेल तर आजचा रेझ्युमे जपून लिहा. आखातातल्या बऱ्याच ठिकाणी डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत कागद पडताळतात. ते थेट कॉलेजला, कौन्सिलला, जुन्या हॉस्पिटलला विचारतात. तिथे एक महिना इकडे-तिकडे निघाला तरी खुलासे लिहीत बसावं लागतं.

नाव हा तर आपला खास घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर उलट क्रम. लग्नानंतर बँकेत तिसरंच. पासपोर्ट काढताना मधलं नाव कुठल्या रकान्यात गेलं यावर पुढचं सगळं अवलंबून. माझ्या एका मैत्रिणीने शेवटी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेतला तेव्हा गाडी पुढे गेली. विद्यार्थी असतानाच रेझ्युमेवर एक नाव पक्कं करा आणि शेवटपर्यंत तेच चालवा.

इथल्या एनएचएसला (सरकारी आरोग्यसेवा) फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, काहीही नको असतं. त्याऐवजी एक निवेदन लिहायचं असतं. जाहिरातीसोबत त्यांनी कसा माणूस हवा याची यादी दिलेली असते, त्यातल्या एकेका मुद्द्याला स्वतःच्या कामातला प्रसंग द्यायचा. मी मिरजेच्या वॉर्डातली रात्रपाळी लिहिली होती: पेशंटचा श्वास वाढला, मी रेट मोजला, ऑक्सिजन सॅच्युरेशन पाहिलं, इनचार्जला आणि डॉक्टरांना कळवलं, नोंद केली. आपल्याला "मी केलं" असं लिहायला संकोच वाटतो, "आम्ही केलं" लिहितो. तिथे "आम्ही" लिहिलं की विचारतात, तुम्ही नक्की काय केलंत?

मांडवीकाठ (पणजी)

गोव्यात सरकारी नोकरी बघणाऱ्यांनी कोकणी खरोखर शिकून घ्या, रेझ्युमेतल्या भाषांच्या ओळीत तिचं नाव टाकता येईल इतकी. तिथे कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं जाहिरातीतच असतं. शिवाय रहिवासाची अट असते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या नोकरीसाठी सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातल्या मुली विचारत असतात, त्यांच्यासाठी हे.

पांढरेबूट

मॅट्रन मॅडम, एक प्रश्न. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीबद्दल काय लिहायचं? "फ्लुएंट" लिहायची हिंमत नाही.

जुनी मॅट्रन

नको लिहू. "इंग्रजी: वाचन-लेखन चांगलं, बोलणं कामापुरतं" असं लिही. ऑर्डर नीट वाचता येते, नर्सेस नोट्स लिहिता येतात आणि ओव्हर देताना (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवताना) काही सुटत नाही, एवढं मला पुरायचं. इंटरव्ह्यूत मी मुलींना एक कोरी टीपीआर शीट (ताप, नाडी, श्वास नोंदवायचा तक्ता) आणि काल्पनिक पेशंट द्यायचे आणि नोट लिहायला सांगायचे. इंग्रजीच्या चुका मी मोजत नव्हते. वेळ लिहिली का, सही केली का, तेवढं बघायचे.

मधलीसुट्टी

आमचं प्रोसीजर बुक आणि प्रसूतीची वही परीक्षेनंतर कॉलेजात जमा होते. मग पोस्टिंगचे आठवडे कुठून आठवायचे?

ट्यूटर (कोल्हापूर)

जमा करायच्या आधी पोस्टिंगच्या रोटेशनचं पान आणि सहीची पानं मोबाइलवर स्कॅन करून ठेवा, पेशंटची नावं झाकून. राहून गेलं असेल तर कॉलेजकडून ट्रान्स्क्रिप्ट मागा, त्यात विषयवार क्लिनिकल तास येतात. अर्ज केल्यावर वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट बघत बसू नका.